निवल्यावर वाचायचा काटा

अनंतकाका,

आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायला बसलोय, पण हा अधिकार माझा नाही. इथे मस्कतच्या वादी कबीरमध्ये तुम्हाला पंचवीस वर्षं ओळखणारी गावची माणसं आहेत. त्यांच्यातल्या कोणीतरी लिहायला हवं होतं. पण तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी बाबांना सांगितलं, "तुमचा मुलगा कॉलेजात जातो, त्यालाच लिहू दे. चांगलं लिहील." बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा कप उचलून आत गेले. ते का गेले हे मला कळलं. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही कळलं असतं. ज्या मुलाने रमजानच्या महिन्यात तुमच्यावर लबाडीचा संशय घेतला, त्यालाच सगळे तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायला सांगत होते.

तुमचं गाव, तुमची नोकरी, तुम्ही कधी आलात, हे मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. मला फक्त त्या बॉयलरबद्दल बोलायचंय. आपलं बोलणं तिथेच अडलं होतं.

ओमानमध्ये घर गरम करायचा बॉयलर असतो, हे मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझी थट्टा करताय. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळालाही गरम पाणी येतं. तुम्ही म्हणालात, "झिला, जबल अख्दरवर थंडीत एक रात्र काढ, मगे सांग." तिथे वर, डोंगरात, तुमच्या कंपनीकडे एका अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, घराचं काम होतं. अर्बाबची म्हातारी आई तिथे राहते. मुलगा कितीदा म्हणाला तरी ती खाली मस्कतला यायला तयार नाही. तिचे गुडघे थंडीत आखडतात म्हणून त्याने घरभर लोखंडी पॅनेल बसवून घेतली, आणि बॉयलरचं गरम पाणी त्यांतून फिरवायची सोय केली. दर शुक्रवारी तुम्ही कंपनीची पिकअप घेऊन वर जायचात.

मी मेकॅनिकलला प्रवेश घेतला तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा बरोबर नेलंत. डोंगराच्या पायथ्याशी बिरकत अल् मौझच्या चौकीवर पोलिसाने गाडी फोर बाय फोर आहे का ते वाकून पाहिलं. तुम्ही त्याच्याशी अरबीत बोललात, तो हसला, आणि पुढे गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "हसता तो पोलिस, पण गाडीचो नंबर लिवन घेतल्यान." तुम्ही असेच होतात. कोणावर विश्वास म्हणून नाही. लिफ्टमध्ये शिरताना आधी एक पाय टाकून बघायचात. दूधवाल्याची पिशवी कानाजवळ नेऊन हलवायचात. माझी बारावीची मार्कशीट मी दाखवायला आणली तर ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलीत. आई म्हणाली, "भावोजी, ती काय नोट आहे?" तुम्ही म्हणालात, "वैनी, खरी असा. आता पेढे देवा."

बॉयलरच्या खोलीत तुम्ही मला काटा दाखवलात. गोल चकती. वरच्या अर्ध्या भागात पाण्याचा दाब, खालच्या अर्ध्या भागात पाण्याचं तापमान. तुम्ही काचेवर नखाने टकटक केलंत. "काटो खोटा बोलता. आधी टकटक कर, मगे वाच." शिवाय तुमच्याकडे दाब मोजायचा तुमचा स्वतःचा एक गेज होता, लहान मुलाच्या लाल मोज्यात घालून ठेवलेला. भिंतीवरच्या काट्यावर भरवसा नको म्हणून तुम्ही तो नळाला लावून दुसऱ्यांदा मोजायचात.

मग तुम्ही शिकवलंत. पाणी बॉयलरमधून निघतं, पॅनेलमधून फिरतं आणि परत बॉयलरमध्ये येतं. ते कोणी पीत नाही, कोणी सांडत नाही. म्हणून दाब ठरलेला राहिला पाहिजे. सव्वा बारच्या आसपास, बार हे दाबाचं माप. एकच्या खाली गेला तर बॉयलर आपोआप बंद पडतो आणि म्हातारीची खोली गार होते. तीनच्या वर गेला तर सेफ्टी व्हॉल्व थुंकायला लागतो. "बंद पाइपातला पाणी कमी झाला तर ता उडान जायत नाय. एक तर पाइप फुटलो, नाय तर कोणतरी सोडता." ही दोन कारणं मी वहीत लिहून घेतली. तिसरी गोष्ट तुम्ही खाली उतरताना म्हणालात, तेव्हा वही दप्तरात गेली होती. "माणूस आणि बॉयलर, दोघांकय निवल्यार विचारूचा." मी हसलो. मला ती गंमत वाटली.

त्या दिवसापासून नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. वर घराची देखभाल करणारे बांगलादेशी जमालभाई, तुम्हाला ओनोंतोभाई म्हणणारे, रोज काट्याचा फोटो तुम्हाला पाठवायचे. तुम्ही रात्री जेवल्यावर तो मला पुढे ढकलायचात. "तू लिव. माझा अक्षर म्हंजे कोंबडेचे पाय." मी एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख आणि दाब. फोनमध्ये जागा कमी होती, म्हणून मी प्रत्येक फोटोचा वरचा भाग तेवढा कापून ठेवायचो. काटा मोठा आणि स्पष्ट दिसायचा. मला त्या तक्त्याचा अभिमान होता. आमच्या घरात असा तक्ता करणारा मी पहिलाच. बाबा शाळेची बस चालवतात, त्यांची सगळी नोंद डोक्यात असते.

थंडीभर काटा शहाण्यासारखा वागला. रोज एक पूर्णांक दोन. मग रमजान सुरू झाला आणि दहा-बारा दिवसांत माझ्या आलेखाला दात फुटले. शनिवार ते गुरुवार एक पूर्णांक आठ. शुक्रवारी एक पूर्णांक दोन. पुन्हा सहा दिवस आठ, शुक्रवारी दोन. दर आठवड्याला एकच खड्डा, आणि तो तुम्ही वर जायचात त्याच दिवशी.

काका, मी तेव्हा काय विचार केला ते आज खरं सांगतो. हिवाळा संपल्यावर दर आठवड्याला माणूस पाठवायची गरज नाही, महिन्यातून एकदा बस, असं अर्बाब म्हणत होता, हे तुम्हीच सांगितलं होतं. तुम्हाला तो शुक्रवार किती आवडायचा हेही मी पाहिलं होतं. चौकी ओलांडली की तुम्ही खिडकी उघडून हात बाहेर काढायचात. मग मी दोन आणि दोन चार केले. दाब पडत राहिला तर काम चालू राहील. शुक्रवारी पाणी सोडायचं, शनिवारी जमालभाईंना फोनवर सांगून भरून घ्यायचं. बंद पाइपातलं पाणी कोणतरी सोडतं. कारण तुम्हीच शिकवलं होतं, मी फक्त त्यात तुमचं नाव भरलं.

खात्री करायला मी पुढच्या शुक्रवारी तुमच्याबरोबर आलो. तुम्ही खूश झालात. "इंजिनेर साहेब येतत आज!" मी गाडीत तुमच्या हातांकडे बघत बसलो. वर पोचल्यावर जुम्म्याची दुपारची नमाज आटोपून जमालभाई आले. उपासाने त्यांचा चेहरा उतरला होता. तुम्ही काटा वाचलात, मोज्यातला गेज लावून पुन्हा वाचलात. मग मला म्हणालात, "तू डबो गाडीत खा. काचो वर कर. जमालचो रोजो असा, त्याका वास येता नये."

"तुम्ही?"

"माका भूक नाय. जरा साफसफाई करतंय."

मी गाडीत पोळीभाजी खाल्ली आणि परत आलो. बॉयलरच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. आत पाणी पडत होतं. मी दाराला कान लावला, काका. मला लाज वाटते, पण लावला. पाणी पडायचं थांबलं, मग पुन्हा पडलं. दहा मिनिटांनी तुम्ही बाहेर आलात. मागे फरशीवर ओला डाग होता. तुम्ही रुमालाने तोंड पुसत होतात आणि माझ्याकडे बघत नव्हतात.

माझ्या मनात निकाल तिथेच लागला.

तरी दोन दिवस मी गप्प राहिलो. मग बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "अंतावर संशय? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी त्यांना आलेख दाखवला. बाबांना आलेख वाचता येत नाही, हे मला माहीत होतं, तरी दाखवला. ते म्हणाले, "ह्या रेघांपेक्षा मी अंताला जास्त ओळखतो. पण तुला एवढंच वाटत असेल तर त्याच्या तोंडावर बोल. मागे नको." मी हो म्हणालो, आणि तुमच्या तोंडावर बोलायचं धाडस झालं नाही म्हणून आलेख तुमच्या फोनवर पाठवून दिला. खाली एक ओळ लिहिली. "काका, शुक्रवारीच दाब का पडतो?"

तुम्ही जिना चढून आलात. आमच्या दारात उभे राहिलात, आत आला नाहीत. तुम्ही धापा टाकत होतात. मला वाटलं, रागाने.

"ह्या काय ता?"

"आलेख, काका."

"आलेख माका दिसता. तू काय म्हणतंस ता सांग."

मी खाली बघत म्हणालो, "मी काही म्हणत नाही. आकडे म्हणतात."

आई आतून म्हणाली, "भावोजी, चहा टाकू?" तुम्ही हातानेच नको म्हणालात. मग मला फक्त एवढंच विचारलंत, "अख्खी चकती बघलंस?"

मला वाटलं, तुम्ही विषय बदलताय. मी म्हणालो, "काटा स्पष्ट दिसतो, काका. टकटक करायची गरज नाही."

तुम्ही मान हलवलीत. कठड्याला धरून हळूहळू खाली गेलात. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे चहाला आला नाहीत. दोन शुक्रवार गेले आणि तुम्ही बाबांना सांगितलंत, आता डोंगरावर जायचं बंद केलं, कंपनी दुसरा माणूस पाठवेल. बाबांनी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "पुरे झाला." बाबांनी ते मला सांगितलं आणि बसच्या किल्ल्या घेऊन बाहेर पडले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ईदला तुम्ही सगळ्यांना भेटलात. मलाही. माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "अभ्यास कर." मी त्यातही अर्थ शोधत बसलो. हे माफ करणं आहे, की टोमणा आहे?

ईदनंतर आठव्या दिवशी सकाळी तुम्ही बाथरूममध्ये पडलात. तुमचे खोलीतले सोबती शरीफभाई तुम्हाला घेऊन हॉस्पिटलात गेले. बाबा बस सोडून धावले. मी पोचलो तेव्हा बाबा बाकावर बसले होते आणि तुमच्या चपला त्यांच्या मांडीवर होत्या.

कागदपत्रं झाली, तुम्ही विमानाने घरी गेलात. मी विमानतळापर्यंतच आलो. त्यानंतर तुमची खोली आवरायला शरीफभाई, बाबा आणि मी बसलो. एका खोक्यात सगळं मावलं. मला एक गोष्ट दिसली नाही. तो लाल मोजा. गेज नव्हता. मी शरीफभाईंकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, गेज चांगल्या बनावटीचा होता, ह्यांनी ठेवून घेतला असेल. मी त्यांच्या पलंगाखाली नजरही टाकली. शरीफभाई तुमचे शर्ट घडी करत होते, एकेक बटण लावून. तुम्ही मुंबईच्या दुकानातून घेतलेल्या निळ्या शर्टाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "हा त्याने मेहुण्याच्या लग्नाला घातलेला. मला दाखवला होता." मग डोळे पुसले. मी तोंड फिरवलं. माझ्यात काहीतरी बिघडलंय असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

परवा मी आपल्या दोघांचं सगळं चॅट उघडलं. तुमचा आवाज ऐकायचा होता. आवाज फार नाहीत, सगळे काट्याचे फोटोच आहेत. मी कापलेले नव्हेत, तुम्ही पाठवलेले, पूर्ण. त्यातला एक बोटाने मोठा केला. गुरुवारचा. वर एक पूर्णांक आठ. आणि खाली, जो भाग मी कधीच ठेवला नाही, तिथे सत्तर अंश. मग शुक्रवारचा उघडला. वर एक पूर्णांक दोन. खाली चोवीस.

मी एकेक करून सगळे बघितले. गुरुवार सत्तर, बुधवार अडुसष्ट, मंगळवार सत्तर. शुक्रवार पंचवीस. रमजानच्या आधीचे सगळे, चोवीस, पंचवीस. एका फोटोत कोपऱ्यात बॉयलरच्या पत्र्यावर बशी होती, बशीत खजुराच्या बिया. इफ्तारनंतरचा फोटो. तेव्हा उलगडा झाला. जमालभाई एरवी जुहर, म्हणजे दुपारची नमाज, झाल्यावर फोटो काढायचे. उन्हं आलेली असायची, सकाळी बंद केलेला बॉयलर निवलेला असायचा. रमजानात दुपारी ते झोपायचे, आणि फोटो काढायचे उपास सोडल्यावर, तेव्हा बॉयलर पेटून तास-दोन तास झालेले असायचे. शुक्रवारचा फोटो मात्र तुम्ही स्वतः, नेहमीसारखा दुपारीच काढायचात. पाणी तेवढंच होतं, काका. एक थेंब कोणी सोडला नव्हता. तापलं की फुगायचं, निवलं की बसायचं.

तापलेलं पाणी फुगतं हे मी सातवीत शिकलो. गेल्या सत्रात त्याच विषयात मला वर्गात दुसरा नंबर होता.

तुम्ही दारात उभे राहून विचारलेला प्रश्न मला तेव्हाच समजला असता, तर एका मिनिटात सगळं मिटलं असतं. पण तुम्ही तरी सरळ का नाही सांगितलंत? "गाढवा, खाली तापमान बघ," एवढंच. हे भांडण मी अजून तुमच्याशी मांडतोय. तुम्हाला राग आला होता, की मी स्वतः शोधून काढावं असं वाटत होतं, की माझी लायकी कळल्यावर बोलायची इच्छाच राहिली नाही? आणि तो बंद दरवाजा? तो पाण्याचा आवाज? आलेखातला खड्डा मी बुजवला, पण दाराचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं सांगतो, तुम्ही गेल्यावरही, माझी चूक कळल्यावरही, मनाच्या एका कोपऱ्यात तो दरवाजा बंदच होता. आत तुम्ही काय करत होतात? आणि डोंगर का सोडलात? माझ्या आलेखामुळे तुम्हाला काढलं का? अर्बाबपर्यंत तो गेला का? बाबांना विचारायची हिंमत नव्हती. झोप येत नव्हती.

म्हणून हे लिखाण मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा फाडलं. "अनंतकाका फार प्रेमळ होते" अशी सुरुवात करायचो आणि पेन थांबायचं.

आज तुमच्या घरी बारावं. कॉलेजातून परत येताना अल् घुब्राच्या स्टॉपवर उभा होतो आणि अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ग्राफवाला?"

मी म्हणालो, "कौन?"

"मैं जमाल. जबल से. ओनोंतोभाई का मोबाइल तो बंद है. तुम्हारा नंबर उसने दिया था, बोला था बाद में काम आएगा."

मी बस सोडली आणि स्टॉपमागच्या भिंतीपाशी गेलो. मला वाटलं, आता ते विचारतील, तूच का तो संशय घेणारा? त्यांनी आधी तुमच्यासाठी दुआ केली. मग म्हणाले, बॉयलरमागे साफ करताना गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली, पाच-सहा. छातीची गोळी, त्यांनी दुकानात विचारून घेतलं. "रमजान में दरवाजा बंद करके खाना खाता था, फिर गोली. मेरे सामने नहीं खाता था, मेरा रोजा था न. और तुमको भी नहीं दिखाना था. डब्बा धोके, कुल्ला करके निकलता था. मैंने दो बार देखा, सीढ़ी पे बैठ गया. बोला, लड़के को मत बताना."

मी विचारलं, त्यांना काढलं होतं का? माझ्यामुळे?

"किसने निकाला? डॉक्टर ने मना किया, गाड़ी मत चलाओ ऊपर. आखिरी जुम्मा अर्बाब खुद आया था. ओनोंतोभाई ने उसको मोबाइल में तुम्हारा ग्राफ दिखाया." जमालभाई हसले. "मेरे सामने दिखाया. मैं डर गया, मेरा टाइम पकड़ा गया करके."

"काय म्हणाले ते? मतलब, क्या बोले?"

"बोला, अर्बाब, कंपनी जिसको भी भेजे, भेजने दो. पर काँटा इसी लड़के को पढ़ने दो. ये मुझ पर भी शक करता है, ये किसी को नहीं छोड़ेगा. माँजी का कमरा ठंडा नहीं होगा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ते म्हणाले, "सुनता है? लाल मोजा यहीं कील पे टाँग के गया है. मेरे को बोला, उसका है, वो आए तो देना. अभी जुहर के बाद का फोटो भेज रहा हूँ. पूरा भेजता हूँ, ऊपर-नीचे दोनों."